थापट्यांमधलं मडकं

६ डिसेंबर १९५३
पोचलो एकदाच्या. शहाड स्टेशनापासून टांगेवाल्याने अशा खड्ड्यांतून आणलं की कुंदा म्हणाली, ताई, बदकं दिसायच्या आधी आपल्याच टोपलीतली अंडी फुटायची. फुटलीच. पण खाडीवरचा पहिला वारा तोंडावर आला आणि मी टांगेवाल्याला माफ करून टाकलं.

घर म्हणजे बंदरावरची जुनी जकात चौकी. पूर्वी मिठाच्या होड्या भरतीबरोबर इथवर चढत, तेव्हा इथे कारकून बसायचा. आता बंदर गाळाने भरलं, होड्या गेल्या, आणि अंबरनाथच्या दिनानाथ चित्र्यांनी ही चौकी विकत घेऊन आमच्यासारख्या वेड्यांना भाड्याने द्यायला ठेवली. दोन खोल्या, व्हरांडा, आणि व्हरांड्यापासून दगडी पायऱ्या थेट धक्क्यावर. धक्क्यापुढे पाणथळ, पलीकडे मिठागरांचे बांध, त्यामागे कारखान्याची चिमणी. चिमणीकडे पाठ करून बसलं की जग सुंदर आहे.

सारा जन्म मी हॉस्पिटलात मेट्रन म्हणून काढला. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी भाषणं केली आणि दुर्बीण दिली. भाषणं विसरले, दुर्बीण कामाची निघाली. कुंदा माझी धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून दिराच्या घरी फुकट पोळ्या लाटत होती. तिला मी तिथून उचलून आणलंय. तिने चित्रं काढायची, मी पक्षी ओळखायचे आणि दोघींनी कोणाचंही ऐकायचं नाही, असं ठरलं आहे.

८ डिसेंबर
सकाळच्या धुक्यात नुसता आवाज होता, मग धुकं फाटलं आणि सगळं पाणी बदकांनी झाकलेलं. थापट्या तर इतक्या की चोची पाण्यात घालून चमच्याने खीर ढवळावी तशा एका दिशेने चालल्या होत्या. कडेला तलवार बदकं, गाळात शेकाटे आणि तुताऱ्या, ही लांब चोचीची चिखलातली पाखरं. वरून दलदल ससाणा गेला की सगळा थवा एकदम उठायचा. हजार पंखांचा तो आवाज ऐकून कुंदाच्या हातातली पेन्सिल खाली पडली. इतकी वर्षं हसली नव्हती तेवढी आज हसली.

भांडीधुणी करायला गावातली मोतीबाई येते. तिच्या मते बायामाणसांनी चिखलात बसून पाखरं बघणं हा एक आजार आहे आणि त्यावर कल्याणला औषध मिळत असेल. मी म्हटलं, मी स्वतःच औषधं देत आले आहे. तर म्हणाली, मंग घेत का नाय?

११ डिसेंबर
पाण्यावर काल सकाळपासून काळी मडकी तरंगत होती. मला वाटलं, कोणी कचरा टाकला. मोतीबाई हसली. तिचा मुलगा हरिचंद्र आणि इतर आगरी पुरुष थंडीत अशीच बदकं धरतात म्हणे. आधी रिकामी मडकी सोडायची. पहिल्या दिवशी बदकं दचकून लांब सरकतात. मग सवय होते. मग एखादी थापटी मडक्याला खेटूनच झोपते. त्यानंतर कधीतरी एका मडक्यात माणसाचं डोकं असतं.

आज ते पाहिलं. डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून हरिचंद्र हनुवटीपर्यंत पाण्यात, इतका सावकाश की पाणीसुद्धा हललं नाही. एक बदक होतं, आणि नव्हतं. पाय धरून खाली ओढलं, बस. शेजारची बदकं चरतच राहिली. ओरड नाही, फडफड नाही. हॉस्पिटलात मी पुष्कळ मरणं पाहिली, पण शेजाऱ्याला कळूही नये असं मरण पाहिलं नव्हतं.

१२ डिसेंबर
हरिचंद्राला धक्क्यावर गाठून चांगलं सुनावलं. ही शिकार नाही, विश्वासघात आहे, असं म्हटलं. तो कंबरेभर ओला, थंडीने कुडकुडत उभा. म्हणाला, बाय, कोंबरी तुमी सांगून कापता का?

या उद्धटपणाला उत्तर नव्हतं असं नाही. मी दिलंही. आमच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट असत्या तर त्याला पट्टीच मिळाली असती.

मोतीबाईने मध्ये पडून रीत सांगितली. पहिलं बदक पकडून पुन्हा पाण्याला द्यायचं. आणि काम संपलं की सगळी मडकी मोजून बाहेर काढायची, धक्क्यावर फोडायची. एकही पाण्यात राहू द्यायचं नाही. का, विचारलं, तर पदर तोंडाला लावून म्हणाली, रिकामा मरका पान्यान ऱ्हायला तं कोनतरी दुसराच डोक्यान घालतं.

मी म्हटलं, छान. म्हणजे क्रौर्य आहेच, वर अडाणीपणा.

मामलेदारांना अर्ज पाठवला आहे. इंग्रजीत. इंग्रजीतला अर्ज लवकर हलतो, इंग्रज गेले तरी.

१७ डिसेंबर
हलला. शिपाई आला, धक्क्यावर उभा राहून हुकूम वाचून गेला. पाखरं धरायला कोणी पाण्यात उतरायचं नाही. निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी विक्रेता आसनदास सायकलीवरून बदकं न्यायला आला होता, तो माझ्याकडे बघून म्हणाला, माई, गरीब का धंदा क्यूं खोटी किया. मी म्हटलं, कोबी विका.

हरिचंद्राला राग आला असणारच, पण तो हसून म्हणाला, ठीक हाय, हुकूम म्हंजे हुकूम, आता मरकी पन कोन कारनार? तुमीच कारा. आणि सगळे निघून गेले. मोतीबाई माझ्या पाया पडली, शिपायाला परत बोलवा, मडकी काढायपुरती मुभा द्या म्हणाली. मी तिला उठवलं आणि सांगितलं की मातीची भांडी कोणाला चावत नाहीत.

कुंदाला मडकी चित्रात हवीच आहेत. काळ्या मडक्याशेजारी थापटीचं हिरवं डोकं छान दिसतं म्हणते.

२० डिसेंबर
ओहोटी लागली होती. सगळी मडकी बंदराच्या तोंडाकडे वाहत होती. एक मात्र उलटं, वरच्या अंगाला, थापट्यांकडे.

एक बदक होतं, आणि नव्हतं. मग दुसरं. मी छत्री घेऊन धक्क्याच्या टोकाला गेले आणि ओरडले, हरिचंद्र, बाहेर ये, तुला तुरुंगात घालीन. मागून विडीचा वास आला. हरिचंद्र माझ्या मागे उभा होता. म्हणाला, बाय, मी तं तुमचे मागं उबा हाय. गावातले सगले वर हायत.

दुर्बीण लावली. मडक्याला डोळ्यांची भोकं नव्हती.

हरिचंद्राची विडी हातातच जळत राहिली. मग तो वळला आणि धावत गेला. एवढा दांडगा पुरुष.

२१ डिसेंबर
मासा असेल. मोठी मरळ बदकाचं पिल्लू ओढते, मी वाचलं आहे. मडकं उलटं जाण्याचं कारण प्रवाहाचा भोवरा. कुंदा मात्र काल जेवली नाही. उद्या मला दिनानाथांकडे अंबरनाथला जायचं आहे, गळकी कौलं दाखवायला. ती म्हणते, मीही येते, शिवमंदिरात जाऊ, चार दिवस तिकडेच राहू. मी म्हटलं, भित्री भागूबाई, थंडी संपली की थापट्या जातील, चित्र पुरं कोण करणार? तिने वही मिटली. मग मी विणलेला मोहरीच्या रंगाचा स्वेटर अंगावर चढवून म्हणाली, बरं, ताई.

२२ डिसेंबर
संध्याकाळी अंबरनाथहून परतले, तर कुंदा घरात नाही. बांधावर तिच्या चपला आहेत. शेजारी शेजारी, नीट, पाण्याकडे तोंड करून.

२४ डिसेंबर
पोलीस येऊन गेले. पाय घसरला, भरतीने नेलं, असं लिहून गेले. शरीर कुठे आहे? भरती नेते तर ओहोटी आणते, एवढं मला भूगोल शिकवणाऱ्या बाईंनीही सांगितलं होतं. मी त्यांना सोडलं नाही. सगळ्यांना बोलले. बोलण्याने काही होत नाही, हे पहिल्यांदाच कळतं आहे.

दिनानाथ न्यायला आले होते. कुंदा सापडल्याशिवाय मी हलणार नाही. तिला मी आणलं आहे.

२६ डिसेंबर
हरिचंद्र आपणहून आला. हुकूम गेला चुलीत म्हणाला. भर दुपारी मडकं डोक्यावर घालून उतरला, कुंदाला शोधायला आणि रिकामी मडकी गोळा करायला. मोतीबाई धक्क्यावर बसून त्याचं नाव घेत राहिली, म्हणजे त्याला आपण माणूस असल्याचं ध्यानात राहील.

मडकी आणली. सगळी फोडली. एक कमी होतं.

हरिचंद्र खापरांपाशीच बसला. मग म्हणाला, खाली पाय लागलं, बाय. मानसाचं पाय. मी विचारलं, कुंदा? पडलेली? मान हलवली. उभं. बरंच पाय. सगलं उभं.

आजच ते सगळे खालची घरं सोडून वर गावठाणात गेले. मोतीबाईने माझा हात ओढला. वाटलं तं मला बादलीभर शिव्या द्या, पन चला, म्हणाली. मी नाही गेले. ती रडली. मी नाही रडले.

२८ डिसेंबर
कुंदा दिसली!

पलीकडच्या बांधावर बसली आहे. मोहरीचा स्वेटर, मांडीवर वही, पाठ माझ्याकडे. दुर्बिणीतून स्वच्छ दिसली. डाव्या कोपराजवळ मी चुकवलेली वीणसुद्धा. चिखलातून धावत गेले. पोचले तेव्हा बांध मोकळा. दगड ओला.

२९ डिसेंबर
पुन्हा तिथेच. सकाळभर. हाक मारली, वळली नाही. मी बांधाच्या डाव्या अंगाने गेले — पाठ. उजवीकडून वळसा घालून समोरून आले — पाठ. पेन्सिल हातात आहे, हलत नाही.

थापट्या तिच्या आसपास चरतात. घाबरत नाहीत.

३१ डिसेंबर
आज अलीकडच्या बांधावर.

ती कुंदा नाही. इतकी मूर्ख मी नाही. पाण्यात आधी काय सोडायचं, कसं तरंगू द्यायचं, सवय कशी लावायची — हे मी स्वतः याच वहीत लिहिलं आहे. बदकांसाठी मडकं. माझ्यासाठी —

उद्या जाईन. सामान बांधलं.

१ जानेवारी १९५४
टांगेवाला आला होता. व्हरांड्यातून ती दिसत होती, धक्क्याच्या टोकाला. ती कुंदा नाही, पण स्वेटर कुंदाचाच. स्वेटर तरी परत — टांग्याला परत पाठवलं. त्याला ती दिसली नाही. माझ्याकडे बघून त्याने घोड्याला चाबूक हाणला.

३ जानेवारी
धक्क्याच्या मध्यावर. केसांतून पाणी ठिबकतं. अंबाड्यात खोचलेली काडी तीच, कुंदाची, चंदनाची.

प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला. शाळेतली. निम्म्यातच तिच्याकडे बघत बसले.

५ जानेवारी
पायऱ्यांवर. सर्वांत खाली.

दार लावलं. मग उघडलं. बाहेर थंडी आहे, आणि ती ओली — मेट्रन असते तर पेशंटला असं —

६ जानेवारी
वरून हरिचंद्र हाका मारत होता. गावठाणाच्या कडेवरून. नका बघू तिच्याकडं, बाय, नका बघू, असं. मी हात हलवला. बरं वाटावं म्हणून. तो का रडत होता?

चहा दोन कपांत ओतला. सवयीने.

७ जानेवारी
व्हरांड्यात. शेजारच्या खुर्चीत. पाठ माझ्याकडे.

सकाळपासून एकत्र बसलो आहोत. पाण्यावर थापट्या आहेत, ऊन आहे. भीती शोधते आहे, सापडत नाही. परवा होती. मला माहीत आहे हे काय — बदकांनाही शेवटी — पळायला हवं, एवढं तरी कळतं —

खुर्चीखाली पाणी आहे. इथवर भरती येत नाही.

पाय वर घ्यायला हवेत. पण हलले तर कुंदा उठेल, आणि ती किती शांत बसली आहे, किती दिवसांनी — गार — घोट्याला काहीतरी ग