साडूंचा शनी

३ नोव्हेंबर
सासरेबुवांच्या हॉलमध्ये साडूंनी काढलेला शनीचा फोटो लागला. फ्रेमसकट. कडी एकदम कोरीव. मी ‘छान’ म्हणालो. जळफळाट वगैरे मुळीच झाला नाही. शेजारी एक खिळा रिकामा आहे. १ डिसेंबरला सासरेबुवांचा वाढदिवस. त्या खिळ्यावर माझा शनी. दुर्बीण मागवली, साडूंपेक्षा दोन इंच मोठी.

११ नोव्हेंबर, रात्री ९
गच्चीवर. शनी सापडला. फोटोत मात्र फुटलेल्या अंड्याचा बलक. हवा खराब.

१२ नोव्हेंबर
बायको म्हणाली, साडू आधी दुर्बिणीच्या तोंडाला फटींची जाळी लावतात. ताऱ्यावर तीन रेघा दिसतात; मधली बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मग जाळी काढून शनीकडे वळायचं. हिला बरं सगळं ठाऊक! असल्या कुबड्या मला नकोत. नजर शाबूत आहे. चष्मा फक्त वाचायला, चालायला आणि माणसं ओळखायला लागतो.

१६ नोव्हेंबर
निव्वळ नजरेने फोकस. आज वाटाणा आला. ग्रुपवर साडूंचा गुरू. पट्टे मोजता येतात. मोजले, सात. लाइक दिला नाही. बायकोने दिला, वर बदामही टाकला.

२० नोव्हेंबर
बुटांच्या खोक्याची जाळी कापली. ही कुबडी नव्हे, संशोधन. बायकोला कळू दिलं नाही. अंगठा कापला, ते कळलं.

२२ नोव्हेंबर, रात्री १०.४०
मधली रेघ अगदी मध्ये! दोनशे फोटो काढले. साडूसाहेब, आता बघा.

२३ नोव्हेंबर
जाळी काढायची राहिली. दोनशेच्या दोनशे फोटोंत शनीला मिशा.

२७ नोव्हेंबर
ढग. साडूंकडे आभाळ स्वच्छ. राहतात तीन किलोमीटरवर. काय म्हणावं याला?

२९ नोव्हेंबर
तासभर स्क्रू फिरवत बसलो. बायको म्हणाली, खाली जाऊन जेवून घ्या, मी बसते इथे. जेवून आलो आणि काय सांगू! कडी लख्ख! कड्यांमधली काळी फटसुद्धा! शेवटी अनुभव तो अनुभव.

१ डिसेंबर
खिळ्यावर माझा शनी लागला. सासरेबुवा साडूंना म्हणाले, ‘जावईबापू, तुम्हाला मागे टाकलं यांनी.’ आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. साडू हसले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘मेहुणीबाईंचा फोन आला म्हणून परवा घाईत आलो, फोकस लावून लगेच निघालो. चांगला आलाय की. कोणाला बोलणार नाही, निश्चिंत राहा.’

आणि खरंच बोलला नाही. संध्याकाळभर सगळ्यांना माझाच फोटो दाखवत होता. चांगला माणूस आहे. हेच मला सहन होत नाही.