चंपाषष्ठीचा घास

धार, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

प्रिय मेधा,

अनेक आशीर्वाद. बंडू सुखरूप आहे, हे प्रथम लिहितो. म्हणजे पुढील मजकूर तू शांतपणे वाचशील. काल त्याने दूधभात संपवला आणि शेजारच्या इंदिराबाईंच्या मांजरीवर पूर्ववत भुंकला. ओळी वाकड्या उतरल्या असल्यास दोष दिव्याला दे.

तुझी आई गेल्यावर तू हे कुत्रे देवासहून आणून माझ्या ओसरीवर बांधलेस, तेव्हा मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही. आता सकाळी तो पायाशी येऊन बसल्यावाचून मला चहा गोड लागत नाही. असो.

चंपाषष्ठीस खंडोबाच्या टाकाला अभिषेक झाला. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून, रीतीप्रमाणे कुत्र्याचा घास बंडूला मिळाला. नंतर पाहतो तो देवाचा चांदीच्या पत्र्याचा टाक कोठेच नाही, आणि बंडू मान ताणून लाळ गाळीत आहे. इंदिराबाई धावत आल्या. "अण्णा, मिठाचं पाणी पाजा, आत्ता ओकून टाकेल!" मी पेला भरलाही होता, परंतु आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, हे बरे झाले. ते ओरडलेच: "बाबूजी, उल्टी बिल्कुल मत कराना! पतरे की किनार है, गला चीर देगी. कुछ खिलाना भी मत, सीधे ले आओ." देवीचा टाक त्याच मापाचा, म्हणून तो रुमालात बांधून दाखवण्यास नेला. क्ष-किरणांच्या चित्रात आपला कुलस्वामी बंडूच्या पोटात आडवा पडलेला दिसला म्हणे. इंदूरला नेऊन, भूल देऊन, तोंडावाटे नळी घालून त्यांनी तो अलगद काढला. तोवर मी बाहेरच्या बाकावर बंडूचा पट्टा धरून बसलो होतो. नवस बोलावा, तर देवच आत अडकलेला!

टाक त्याच्या तोंडी गेला कसा, असे डॉक्टरांनी विचारले. देव्हाऱ्यातून चोरला, असे मी सांगितले. फोनवर तुलाही तेच सांगितले. तू म्हणालीस, "अण्णा, देव चोरणारं कुत्रं घरात नको. रविवारी गाडी आणते, खातेगांवच्या शेतावर सोडू त्याला." मी हो म्हणालो.

मेधा, बंडूने चोरी केलेली नाही. अभिषेकानंतर टाक देव्हाऱ्यात ठेवतो आहे असे समजून मी तो भरिताच्या ताटात ठेवला, आणि रोडग्यासोबत उचलून स्वहस्ते त्याला भरवला. त्याने विश्वासाने गिळला. मला दिसले नाही. मोतीबिंदूचा विषय तू दोनदा काढलास. माझे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत, असे मी दोन्ही वेळा सुनावले. टाकावर बंडूच्या दाताची खूण उमटली आहे. ती माझ्या अंगठ्याला लागते, डोळ्यांना दिसत नाही. दोष दिव्याचाही नव्हता.

रविवारी गाडी अवश्य आण, ती माझ्यासाठी. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. पट्टी सुटेपर्यंत बंडू व मी तुझ्याकडे राहू. त्यानंतर आम्ही दोघे घरी परतू, आणि देव्हाऱ्यात टाक मी पाहून ठेवीन.

चुकलेला, तरी तुझाच,
अण्णा