ससाणा एक की दोन

३ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू पुन्हा लग्न करते आहेस हे वाचून मी दवाखान्यातल्या खुर्चीत, म्हणजे पेशंटच्या खुर्चीत, जाऊन बसलो. तुझ्या वहिनीला वाटलं माझीच दाढ दुखते आहे. तसं काही नाही, मला आनंद झाला आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या वरपासून खालपर्यंत ओळखी असणार. रजिस्ट्रारकडे साक्षीदार म्हणून सही करायला मी येणार, हे धरूनच चाल.

आता कामाचं. लंबू माझा आधी दोस्त आणि मग तुझा नवरा, त्यामुळे त्याच्या ज्या वस्तू तू मला दिल्या होत्यास त्या आता योग्य माणसाकडे परत पाठवतो आहे. लांब कोट, चष्मा आणि आमच्या अर्धवट राहिलेल्या बुद्धिबळाच्या डावाचा आराखडा. पाळी काळ्याची आहे, म्हणजे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची. लंबू दिसेनासा झाल्यापासून चार वर्षं डाव अडून बसलाय, तेव्हा जरा घाई करायला सांग.

तू म्हणशील, दादा, हा काय वेडेपणा. वेडेपणा नाही, अद्वैत आहे. आपली ‘ससाणा’ मालिका आठव. पहिल्या तीन पर्वांत हेराचं काम उंच नटाने केलं. चौथ्या पर्वात बुटका नट दार उघडून आत आला, ऑफिसातली बाई म्हणाली की आज उशीर झाला, आणि गाडी पुढे सुरू. कोणी चकार शब्द काढला नाही. कारण उघड आहे, ससाणा एकच. हेराने चेहरा बदलायचाच असतो. पॅराशूटच्या उड्या मारून मणके दबतात, त्यामुळे उंची कमी झाली. आधी बिनसाखरेचा चहा पिणारा नंतर तीन चमचे साखर घालतो, कारण मधल्या काळात त्याने दाढेची नस काढून घेतली. हे मी दंतवैद्य म्हणून लिहून देतो.

आमच्या रविवारच्या ससाणा मंडळात अद्वैतवाले पाच आणि द्वैतवाले पाच. लंबूचं मत मी दर वर्षी अद्वैताच्या बाजूने धरतो, म्हणून आपण जिंकतो. यंदा द्वैतवाल्यांच्या त्या चष्म्याच्या दुकानवाल्याने हरकत घेतली आहे की खुर्चीत माणूस दिसला पाहिजे. तेव्हा वीस तारखेच्या वार्षिक सभेला तुझ्या ह्यांना लंबूच्या खुर्चीत बसायला पाठव. मी लंबू म्हणूनच हाक मारीन, त्यांनी फक्त ओ द्यायची. लग्न त्यानंतर अकरा दिवसांनी, गुरुवारी आहे, म्हणजे तोवर सगळ्यांना सवयही होईल.

माझा लोभ आहे तिथेच आहे, तुझा कमी करू नकोस.
तुझा,
दादा

९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सहावीच्या फेरपरीक्षेचे भूगोलाचे पेपर तपासता तपासता लिहिते आहे, त्यामुळे मधेच तुला लाल शाई दिसली तर तीही तुझ्यासाठीच आहे असं समज.

मणके दबून माणूस वीतभर बुटका होत असेल तर सगळे पॅराशूटवाले टेबलाखालून चालत गेले असते. आणि पहिल्या ससाण्याला मांजराची भीती होती, दुसरा पाचव्या पर्वात मांजर मांडीवर घेऊन बसतो. ती भीतीही दाढेतून निघाली का? मी लहानपणापासून द्वैतवाली आहे आणि मरेपर्यंत राहणार.

पण हे थट्टेवारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. दादा, लंबू दिसेनासा झालेला नाही. लंबू गेला. आपण दोघं हॉस्पिटलमध्ये होतो. तिथून तू सरळ दवाखान्यात गेलास आणि कोणाची तरी कवळी बसवलीस. त्या दिवसापासून तू तो शब्द एकदाही तोंडातून काढलेला नाहीस. जणू लंबू भाजी आणायला गेलाय आणि वाटेत कोणीतरी भेटलंय.

मी ज्याच्याशी लग्न करते आहे तो दुसरा माणूस आहे. लंबू हसायचा तेव्हा फक्त खांदे हलायचे, हा हसला की शेजारचे दार उघडून बघतात. मला दोघंही आवडले, पण वेगवेगळे. एकाच्या जागेवर दुसरा बसवायला मी काही मालिका काढलेली नाही.

तेव्हा स्पष्ट लिहिते. रजिस्ट्रारसमोर तू त्याला लंबू म्हणून हाक मारणार असशील तर येऊ नकोस. सही मी पोस्टमनची घेईन. हे लिहिताना मला रडू येतंय, कारण माहेरचं म्हणून मला तू एकटाच आहेस.

वहिनीला नमस्कार. राग माझा, पण माया जुनीच आहे, ती असू दे.
तुझी,
धाकटी

१२ जून

आदरणीय डॉक्टरसाहेबांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नसताना लिहितो आहे, राग मानू नये. कोट मिळाला, आभारी आहे. तो घालून आरशासमोर उभा राहिलो तर आरशात फक्त कोटच दिसला. चष्मा लावून जिना उतरताना मला दोन पायऱ्या जास्त दिसल्या. गुडघ्याला थोडा मार आहे, पण काळजीचं कारण नाही. डावात मी घोडा सरळ चालवला. आपल्या बहिणीने तो उचलून परत जागेवर ठेवला.

मालिका बघायला घेतली आहे. दुसऱ्या पर्वात मला डुलकी लागली, जाग आली तेव्हा चौथं चालू होतं, त्यामुळे मधलं काही राहून गेलं असेल. सभेला मी येईन. आपल्या बहिणीला तसं सांगितलं, ती रागावली आहे. पण आपण लग्नाला आला नाहीत तर ती त्या दिवशी हसणार नाही, आणि मला ती हसताना बघायची आहे. आपण लंबू म्हणालात तर मी ओ देईन. उंचीकडे मंडळींनी कृपया दुर्लक्ष करावं.

ओळख नवी आहे, लोभ जडावा ही विनंती.
आपला,
लिफ्टवाला

२१ जून

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार.

कालच्या सभेचं सगळं कळवते, कारण हे काही कळवणार नाहीत. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळं मंडळ दाटीवाटीने बसलं होतं. तुमचे हे वेळेच्या आधीच आले, अंगात तो कोट, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, मागून झाडू मारल्यासारखी कडा जमिनीवर. ह्यांनी लंबू म्हणून हाक मारली आणि बिचाऱ्यांनी लगेच ओ दिली. चष्मेवाला भडकला. लंबूचा चष्मा आपल्याच दुकानातला, नंबर आपल्याला पाठ आहे, तेव्हा तुमच्या ह्यांचे डोळे तपासल्याशिवाय मत धरणार नाही म्हणाला. मग आमच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. तुमच्या ह्यांनी ती सगळी बिनचष्म्याची घडाघडा वाचली, त्यामुळे तेही सोंग फसलं. तरी आमचे हे म्हणाले की हेराचे डोळे सुधारू शकतात. मी हसू दाबायला चहा आणायच्या निमित्ताने आत गेले.

मतदानाची वेळ आली. पाच हात इकडे, पाच तिकडे, आणि सगळे तुमच्या ह्यांच्याकडे बघायला लागले. ते उभे राहिले. म्हणाले, मत देतो, पण आपल्याला मधे झोप लागली होती म्हणून एक विचारायचं आहे. तो उंच माणूस गेला त्याबद्दल त्याची माणसं रडतात तो भाग कितवा? तेवढा बघून मग हात वर करतो.

त्यांनी खरंच साधेपणाने विचारलं हो. त्यांना वाटलं होतं असा भाग असणारच. द्वैतवाल्यांनासुद्धा हे आजवर सुचलं नव्हतं.

आमचे हे उठले, आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि दाढ कोरायचं मशीन सुरू केलं. आत पेशंट कोणी नव्हता. मशीन बराच वेळ चालू होतं. मंडळातला एकही माणूस जागचा हलला नाही आणि चहा तसाच गार झाला. मधे एकदा मशीन थांबलं तेव्हा आतला आवाज आम्हाला ऐकू आला, मग ह्यांनी ते घाईघाईने पुन्हा सुरू केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी ह्यांना असं रडताना ऐकलं नव्हतं. मलाही आवरेना.

ह्यांना दूर करू नका. आमच्यावर आहे तशीच माया राहू द्या.
तुमची,
वहिनी

२२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यावा इतकं मोठं आज वाटत नाही, तरी घे.

मशीनचं वहिनीने कळवलंच असेल. ते बिघडलेलं नव्हतं. मी बाहेर आलो आणि सांगितलं की अद्वैताचा ठराव मी मागे घेतो. ससाणे दोन आहेत. पहिला मेला आणि मालिकावाल्यांना ते सांगायचा धीर झाला नाही, म्हणून त्या बाईने नव्या माणसाला उशीर झाला म्हणून झापलं. चष्मेवाला जिंकला तरी त्याला टाळी वाजवता येईना. त्याने नाक शिंकरलं आणि मंडळाने दोन मिनिटं उभं राहावं असं सुचवलं. कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही. दंतवैद्यापासून विमा एजंटापर्यंत आम्ही सगळे एका हेरासाठी रडत उभे होतो. दाराशी एक पेशंट गाल धरून आला आणि तसाच परत गेला.

लंबू गेला, धाकटे. बघ, लिहिलं. तुझा नवरा गेला म्हणून सगळे तुझ्याकडे आले, ते बरोबरच होतं. दोस्त गेलेल्या माणसाकडे कोणी येत नाही. कोणी आलं नाही, म्हणून मला वाटलं माझं कोणी गेलेलंच नाही.

तुझा माणूस सगळ्यांत शेवटी निघाला. जाताना त्याने कोट काढून नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाला की हा तुमच्याकडेच राहू द्या. बिनकोटाचा तो अगदीच निराळा दिसतो. मला आवडला.

बोलावशील तर पुढच्या गुरुवारी येतो. त्याला लंबू म्हणणार नाही, त्याच्या नावानेच हाक मारीन. पण एक अडचण आहे. त्याचं नाव तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, आणि मी ती ओळ न वाचताच पुढे गेलो होतो. ते पत्र शोधलं असतं तर सापडलं असतं. पण ते तू सांगावंस असं वाटतं. परत एकदा लिहून पाठव, या वेळी वाचतो.

लोभ उरला असेल तर तोही त्याच पाकिटात घाल.
तुझा,
दादा