चांगल्या दिवसांची पत्रं

४ फेब्रुवारी

ति. दादास, आणि माझं पत्र मोठ्यानं वाचलं जाताना भोवती बसणाऱ्या सर्वांस,
शि. सा. न. वि. वि.

लोक आपलं खरं मानत नाहीत, ही आपल्या सगळ्यांचीच तक्रार. दादा, या एका तक्रारीवर तू तीस वर्षं सभा गाजवल्यास. कामगाराचा खोकला खोटा ठरवणाऱ्या मालकांना भर चौकात जाब विचारलास. मग माझं दुखणं तू कुणाला विचारून बरं केलंस?

काल ग्रंथपालांनी बोलावलं. एक मार्चपासून पूर्ण वेळ ये, नाहीतर पुस्तकबांधणीची खोली सोड, म्हणाले. मी आजाराचं सांगू लागले, तर त्यांनी तुझंच नाव घेतलं. तुमच्या गावच्या सभेनंतर तू त्यांना माझं सहा पानी पत्र दाखवलंस म्हणे, आणि आमची धाकटी ठणठणीत आहे असं ठणकावलंस. माझी बाजू घ्यायला गेलास, ठाऊक आहे. पण बावीस वर्षांचं काम हातातून निघतंय. वीस तारखेला समिती बसेल. मला बोलावलेलं नाही.

वहिनीनं पाठवलेली लोकर मऊ आहे. रागावले असले तरी माझा लोभ तोच. तुझाही आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना वहिनी माझ्याकडे अशी बघत होती, की मी चष्माच काढून ठेवला. चुकलो. पण तुझ्यापासून काय लपवायचं? जूनमध्ये आलो तेव्हा तू तीन जिने माझ्यापुढे चढलीस, माझ्या टकलावरून दोन तास हसलीस. पत्रांत कधी हायहुय नाही. मग दुखणं आज असतं आणि उद्या नसतं, हे कसं? ते काय रजेवर जातं? थट्टा नाही करत. मला कळत नाही, आणि न कळताच मी बोलत सुटलो. जसं असेल तसं सांग.

तुझ्या रागालाही माझे आशीर्वाद.

दादा

१० फेब्रुवारी

ति. दादास, शि. सा. न. वि. वि.

आज चांगला दिवस. मन प्रसन्न असेल तेव्हाच पत्र लिहावं, परगावच्या माणसाला घोर लावू नये, असं आई सांगायची. ते मी इतकं पाळलं, की तुला माझे चांगले दिवस तेवढे पोचले. हे पत्र मात्र रोज लिहीन, कशीही असले तरी.

सकाळी एका जुन्या नकाशांच्या पुस्तकाला टाके घातले. वीस मिनिटांचा गजर झाला तेव्हा सुई अर्ध्या टाक्यात होती, हात शिवशिवत होते. तशीच ठेवली. सगळ्यात अवघड हेच, बरं वाटत असताना थांबणं. मग झोप नसली तरी डोळे मिटून पडायचं. पण दुपारी पाहुणे आले. दीड तास बसले.

११ फेब्रुवारी. ठीक. फसवं ठीक. दणका एक दिवस सोडून बसतो.

१२ फेब्रुवारी. मांड्या, मनगटं, डोकं. उजेडही दुखतो. पेन जड.

१३ फेब्रुवारी. आज नाही.

१४ फेब्रुवारी.

१५ फेब्रुवारी. दुखणं पोटऱ्यांपर्यंत उतरलंय. शेकायची पिशवी घेऊन बसले. शेजारी कुणी शीळ घालत होतं, आणि ती सोसवली. दादा, दर वेळी मी थक्क होते. कुठूनसं अंग परत येतं. किती येणार, ते सांगत नाही.

जूनमध्ये तू गेल्यावर अकरा दिवस पडून होते. हसल्याचा पश्चात्ताप नाही.

लोभ असू दे. आज एवढंच जमतंय.

धाकटी

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं. तेरा तारखेच्या ओळीपाशी कागद वहिनीच्या हातात दिला. पुढे वहिनीनं वाचलं. चौदा तारखेसमोर काहीच लिहिलेलं नव्हतं, तेव्हा तीही थांबली.

मग तुझी तीन वर्षांची पत्रं मी जमिनीवर मांडली, आठवड्याला एक फरशी धरून. पत्रं एकोणीस. खोली संपली, व्हरांड्यात गेलो, तरी फरशा पुरेनात. त्या मोकळ्या फरशांवर पाय ठेवायचा धीर होईना. तिथे तू होतीस, आणि मी समजत होतो की मजेत आहेस.

मी लाठ्या खाल्ल्यात. धैर्य म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असं मला वाटायचं. पण हात शिवशिवत असताना, कुणी बघत नसताना, सुई अर्ध्या टाक्यात ठेवायची? माझं जन्मात एक भाषण वेळेवर थांबलेलं नाही! एवढं मोठं माणूस माझ्याच घरात जन्मलं, आणि मी त्याची ओळख ठणठणीत म्हणून करून देत होतो.

वीस तारखेला समितीपुढे गेलो. भाषणाचे कागद वहिनीनं निघतानाच खिशातून काढून घेतले होते. मी सांगितलं ते एका चांगल्या दिवसाचं होतं, ते मागे घेतो, एवढंच म्हणालो. मग तुझं पत्र तारखांसकट वाचलं. चौदा तारीख वाचून गप्प उभा राहिलो. ग्रंथपाल खिडकीकडे बघत होते. शेवटी ठरलं ते असं: आठवड्याला तीन सकाळी, तुला जमतील त्या, खोलीत एक खाट, सहा महिन्यांनी पुन्हा विचार. सगळं नाही मिळालं, पण खोली तुझीच राहिली. सह्या झाल्या आहेत.

परतताना तुझ्या जिन्याखाली थोडा वेळ उभा राहिलो. वर आलो नाही. आलो असतो, तर तू हसली असतीस.

तुझा लोभ आहे, हे आता कागदावर बघायची मला गरज नाही. धाकटे, या पत्राला उत्तर लिहू नकोस.

दादा