बाबांनी पन्हळ ओलांडली

१८ मे, रविवार. अमरावती.

बाबांनी आज पन्हळ ओलांडली. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

नांदगावला खंडेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. भर दुपार, देवळाचा काळा दगड तव्यासारखा तापलेला. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी बाहेर जातं त्या पन्हळीपाशी थांबून उलटं फिरायचं. हे मला बाबांनीच शिकवलं. अनोळखी माणसालाही हटकायचे, "मांगं फिरा भाऊ, थे ओलांडाची नसते."

आज पन्हळ आली आणि ते सरळ पलीकडे गेले. पाय पोळले म्हणून? पलीकडे सावली होती खरी. पण सावलीत ते थांबलेच नाहीत. वळून मलाच म्हणाले, "काहून थांबली वं? चाल न."

चेहऱ्यावर काही नाही. चुकल्याचं तर नाहीच.

मागं एक बाई नवऱ्याला म्हणाली, "त्या बुढ्याले समजत नाही का?" बाबांनी ऐकलं असेल?

घरी आईनं विचारलं तर सांगितलं, ऊन लागलंय, थकलेत. तिला पटलं. मला कुठं पटतंय.

पन्हळीचं मात्र तिला सांगितलं नाही. त्या बाईचं बोलणं कानावर आलं तेव्हा मीही ती ओलांडली होती. चुकणारे ते एकटेच दिसायला नको होते.