पांडाची नाणी कोणी घासू नयेत

मी, कुमारी ज्योत्स्ना बहिरू देवरे, वय ७१ पूर्ण, निवृत्त, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ऑगस्टमध्ये खुब्याचे हाड मोडले होते, पण मी खुब्याने विचार करत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर त्याचे नाव पुढे आलेच असते. दि. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागाच्या भरात लिहिले होते. हेही रागातच आहे, पण आता राग दुसऱ्यावर आहे.

कलम १. सातपूरचे माझे दोन खोल्यांचे राहते घर माझा भाचा अमोल यास द्यावे. तो ते विकणार हे मला ठाऊक आहे. विकू दे. मात्र माझ्या हक्काच्या पार्किंगमध्ये सोसायटीचे चेअरमन नऊ वर्षे स्वतःची मोटार लावत आहेत. खरेदीखतात त्या जागेचे माप आहे. अमोलने ती जागा आधी मोकळी करून घ्यावी, मगच घराला गिऱ्हाईक बघावे. चेअरमनना माझ्यातर्फे काहीही देऊ नये. त्यांनी आगाऊ घेतलेले आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवीपैकी अर्धी रक्कम कळवणच्या मुलींच्या वसतिगृहाला पुस्तकांसाठी द्यावी, अर्धी अमोलला. वडिलांनी मला कळवणहून नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातले तेव्हा भाऊबंद म्हणाले होते, पोरगी मेमसाहेब होईल. झाले. तिथे सिस्टरांनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या: नखे स्वच्छ ठेवणे, आणि दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात न लावणे. दुसरी गोष्ट आमच्या घराण्यात माझ्याशिवाय कोणी शिकलेले नाही.

कलम ३. माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि छोटा वजनकाटा अफरीन मुबीन शेख हिला द्यावा. मी सातपूरच्या कारखान्यात अडतीस वर्षे तपासणी विभागात होते. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "बाईमाणसाला मायक्रोमीटर कशाला?" त्याच आठवड्यात त्यांनी पास केलेले यंत्राचे दोनशे बुश मी माप चुकले म्हणून परत पाठवले. अफरीन आता माझ्याच टेबलावर बसते. तिला कोणी असे विचारले तर तिने उत्तर देऊ नये, माल परत पाठवावा.

कलम ४. चिनी नाणी. हे कलम लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी घराच्या किल्ल्या घेऊन जावे.

सन १९९१ मध्ये कारखान्याने मला एका मशीनच्या तपासणीसाठी हाँगकाँगला पाठवले. तिथे मी एक औंस चांदीचे पांडाचे नाणे घेतले. साड्या आणल्या नाहीत म्हणून वहिनी रुसली. माझी आई बयाबाई हिने नाणे उजेडात धरले आणि म्हणाली, "हाई ते अस्वल शे! राजा नही, देव नही, अस्वल!" आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. मला ते अस्वल आवडले. ते बांबू खाते आणि कोणाला जुमानत नाही.

तेव्हापासून दर दसऱ्याला मी त्या त्या वर्षाचे चांदीचे एक नाणे घेत आले, बहुतेक मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून. दरवर्षी चित्र बदलते, तीच तर मजा. २००२ साली आदल्या वर्षाचेच चित्र पुन्हा आले, तेव्हा जगभर आमच्यासारख्यांनी आरडाओरडा केला आणि पुढच्या वर्षापासून पुन्हा नवीन चित्र सुरू झाले. २०१६ चे नाणे मी काट्यावर ठेवले तर एक ग्रॅमहून अधिक कमी भरले. मी व्यापाऱ्याला चार पानी पत्र लिहिले, त्यात 'लबाड' हा शब्द दोनदा होता. त्याने शांतपणे कळवले की त्या वर्षापासून चीनने औंस सोडून तीस ग्रॅमचे नाणे काढले आहे. त्याची मी माफी मागितली. ही माझ्या आयुष्यातली दुसरी माफी. पहिलीबद्दल कोणी विचारू नये.

चांदीची नाणी एकूण चौतीस, १९९१ ते २०२४, एकही वर्ष चुकलेले नाही. सोन्याची अकरा: दहा लहान, आणि एक पूर्ण औंसाचे, जे मी निवृत्तीच्या पैशातून घेतले. भाऊ हयात असेपर्यंत याला 'चिनी माल' म्हणत असे. त्याच चिनी मालाचा भाव आज किती आहे, हे त्याने वरून पाहावे.

आता २०१९. अमोलचे नुकतेच लग्न झाले होते. लक्ष्मीपूजनाला मी त्यांच्याकडे गेले. पूजेत ठेवायला म्हणून १९९५ चे नाणे नेले होते, प्लास्टिकच्या डबीत, डबीसकट ठेवायचे असे बजावून. अमोलची बायको निकिता हिने ते डबीतून काढले, चिंच आणि रांगोळीने घासले, दुधाने धुतले आणि अस्वलाच्या कपाळावर कुंकू लावले. मला म्हणाली, "आत्या, बघा कसं लखलखतंय!" ते खरोखर लखलखत होते, कारण त्यावरचे मूळ रूप गेले होते. संग्राहकाच्या दृष्टीने आता ती नुसती चांदी. मी फराळ न करता घरी आले आणि तिसऱ्या आठवड्यात मृत्युपत्र केले. त्यात लिहिले होते की निकिताला माझ्या नाण्यांचे दर्शनही होऊ नये.

पुढे संक्रांतीला ती एकटी आली. रडली नाही. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. काय चुकलं ते एकदा शिकवा, मग काय बोलायचं ते बोला." मी शिकवले. बोललेही. तरीही मृत्युपत्र बदलले नाही, कारण शिकवलेले पुष्कळ लोक विसरतात.

या ऑगस्टमध्ये मी पडले. दवाखान्याचा खर्च विम्यातून झाला, हे लिहून ठेवते, कारण नंतर वेगळे सांगितले जाईल. निकिता माझे कपडे आणायला घरी गेली, तिच्याबरोबर अमोल गेला. त्याने कपाटातून सोन्याची तीन नाणी उचलली, त्यात ते औंसाचे, आणि दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात गेला. सोने वाढले आहे, आत्याला तरी आता काय कळणार, असा हिशेब. सराफ म्हणाला, हा शिक्का ओळखीचा नाही, कापून बघावे लागेल, मगच वितळवू. त्यात त्याचे चुकले नाही. त्याने छिन्नी काढली.

पुढचे मला अमोलनेच खाटेपाशी येऊन सांगितले, तक्रार म्हणून.

"आत्या, हिने भर दुकानात माझी लाज काढली. कपाटात डब्या कमी दिसल्या म्हणून स्कूटरवरून आली ती ओरडतच. 'काका, हात लावू नका, कडेने धरा!' सगळं गिऱ्हाईक बघायला लागलं."

मी निकिताला विचारले, "मग धरलं का त्याने कडेने?"

"धरलं. पण तंबाखूचा हात होता, म्हणून आधी धुवायला लावला. आणि नाणं ठेवायला खाली रुमाल पसरायला लावला. मग तिन्ही घेऊन आले."

"आत्या, तुम्ही हिलाच शाबासकी द्या!" अमोल म्हणाला.

मी दिली. हसताना टाके दुखले.

कलम ५. सबब, माझी चांदीची चौतीस व सोन्याची अकरा नाणी निकिता अमोल देवरे हिला, एकटीला, तिच्या मालकीची म्हणून द्यावीत. तिच्या नवऱ्याचा त्यांवर हक्क नाही. मी यासाठी अकरा अटी लिहिल्या होत्या. वकीलबाईंनी दहा खोडल्या. उरलेली अशी की नाणी कोणी घासू नयेत. विकायची वेळ आली तर तिने खुशाल विकावीत, फक्त पांडा म्हणून विकावीत, तोळ्यावर नाही.

कलम ६. माझ्या कपाटात २०२५ चेही एक चांदीचे नाणे सापडेल. यंदा दसऱ्याला मी वॉकर धरून पाच पावले टाकत होते. वर्ष चुकले, असे मी मनाशी धरले होते आणि कोणाला बोलले नव्हते. संध्याकाळी निकिता सोने द्यायला आली. आपट्याच्या पानाखाली डबी होती, सील न फोडलेली. तिने मुंबईच्या व्यापाऱ्याला स्वतः फोन केला होता आणि मुलांच्या शिकवण्या घेऊन मिळवलेल्या पैशातून नाणे मागवले होते. मी म्हटले, पैसे घे. म्हणाली, "का? हे माझं आहे. तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलंय, ओळीत."

तरी हे पस्तिसावे नाणे माझ्या मिळकतीत धरू नये. ते माझे नाही, त्यामुळे मी ते कोणाला देऊ शकत नाही.

या मृत्युपत्रावर मी ते वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

(सही) ज्योत्स्ना बहिरू देवरे

आम्हा दोघींसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली. साक्षीदाराने काही घेऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून आम्हाला फक्त चहा मिळाला.

१. (सही) ताहेरा खाजा शेख, शेजारी
२. (सही) लताबाई गांगुर्डे, शेजारी

ठिकाण: सातपूर, नाशिक
दिनांक: ३ डिसेंबर २०२५