लाल शाईचं कार्ड

पनवेल, ता. ५ फेब्रुवारी १९६१

चि. शांतीस दाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून दवाखान्याच्या जुन्या वह्यांवरून कार्डं करायला घेतली होती, ती काल संपली. माणशी एक कार्ड, नावांच्या क्रमाने, बुटांच्या चार खोक्यांत. पेनिसिलिन ज्यांना सोसत नाही त्यांच्या कार्डावर लाल शाई. तुमच्या मुंबईच्या रुग्णालयात कार्डांना भोकं पाडून यंत्राने निवडतात म्हणे. इथे यंत्र मीच, आणि त्याला दोनदा चहा लागतो.

मोतीबिंदू वाढला आहे. औषधाच्या खिडकीपलीकडचं माणूस मी आवाजावरून ओळखतो. कोणाला काय बाधतं ते आजवर तोंडपाठ होतं, डॉक्टर मला विचारूनच सुई भरतात. दिवाळीनंतर माझ्या जागी नवा कंपाउंडर येईल. त्याला माझं डोकं काढून देता येणार नाही, खोकी देता येतील.

लग्नाची तारीख ठरली की आधी मला कळव. माया आहेच, ती वाढव.

तुझा,
दाजीकाका


मुंबई, ता. ११ फेब्रुवारी १९६१

ती. दाजीकाकांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या खोक्यांची हकिगत रुग्णालयातल्या आमच्या साहेबांना सांगितली. ते म्हणाले की पुढे गावोगावचे दवाखाने असेच जोडले जातील, माणूस कुठेही गेला तरी त्याचं दुखणं कागदावर त्याच्या आधी पोचेल. मला ते फार आवडलं. आता तुम्हीही आठवत बसू नका, कार्डावर भिस्त ठेवा.

लग्न सात मे रोजी. डोळ्यांना जपा आणि मजवर लोभ ठेवा.

आपली,
शांती


पनवेल, ता. २० मार्च १९६१

चि. शांतीस आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. परवा उलव्याच्या मिठागरवाल्या मैनाबाई आपल्या नव्या सुनेला तापात घेऊन आल्या. सुनेचं नाव चंद्रावती. खोकं पाहिलं, कार्ड नव्हतं. अशी सुई आधी कधी घेतली का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर सासूच म्हणाली की नाय, कदी नाय. पोर डोक्यावर पदर घेऊन गप्प. सुई दिली. पाच मिनिटांत अंग सुजलं, श्वास अडकला. डॉक्टरांनी दोन तास झटून तिला परत आणलं.

नंतर कळलं, ती माहेरची गोदू, करंजा गावची. पाच वर्षांपूर्वी अशीच सुजली होती. तिचं कार्ड खोक्यात होतं, लाल शाईत, माझ्याच अक्षरात. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, आणि मी बदललेलं नाव शोधत बसलो. डोळे धड असते तर चेहऱ्यावरून ओळखली असती. खोकी बंबात घालावीशी वाटतात. मला फार लाज वाटते.

दाजीकाका


मुंबई, ता. २४ मार्च १९६१

ती. दाजीकाकांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले. भिस्त ठेवा असं मीच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आमची कार्डं काढून पाहिली. माहेरच्या नावाची जागा आमच्याही कार्डावर नाही. यंत्र मिनिटाला चारशे कार्डं निवडतं, पण गोदू त्यालाही सापडली नसती. साहेबांना हे सांगितलं.

खोकी जाळू नका. प्रत्येक बाईच्या कार्डावर माहेरचं नाव आणि गाव लिहा, सासरच्या नावाचं दुसरं कार्ड करून त्यावर पहिल्याची खूण ठेवा. आणि विचारायचं ते सासूला नको, तिला स्वतःला विचारा. कधी रागवाल, पण आपलेपणा कमी करू नका.

आपली,
शांती


पनवेल, ता. १४ मे १९६१

चि. सौ. शांतीस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं करतो आहे. सासवा कुरकुरतात. मैनाबाई म्हणाल्या की आमी नाव बदाललं, आता जुनं कशाला पायजे. काल गोदू मिठागरात कापलेल्या पायाची पट्टी बदलायला आली. नाव काय, काय बाधतं, ते मी तिलाच विचारलं. ती सासूदेखत मोठ्याने म्हणाली की मी करंजाची गोदू, मला ती सुई चालत नाय. मला नीट दिसलं नाही, पण आवाज ओळखला.

तुझ्या लग्नात जावयांनी ताटातल्या तांदळांत लिहिलेलं नावही मला दिसलं नाही. भटजींनी वाचलं ते ऐकलं, वसुधा. परत आल्यावर तुझं कार्ड काढलं. लहानपणी सल्फाच्या गोळीने तुझ्या अंगावर पुरळ उठलं होतं, ते त्यावर आहे. खाली वसुधा लिहिलं. वरचं शांती खोडलेलं नाही.

सासरी सुखाने राहा, आणि या म्हाताऱ्याला विसरू नको.

तुझा,
दाजीकाका